मदत हवी आहे: आकड्याऐवजी अक्षर टाकलं की प्रोग्राम थांबतच नाही

राजवाडा_पायरी (इंदूर): उद्या सकाळी प्रॅक्टिकल आहे. छावणी मंडीत मिळते तशी सोयाबीनची तोलपावती करायची आहे: वजन विचारायचं, भाव विचारायचा, रक्कम छापायची. आकडे टाकले की सगळं बरोबर. पण वजनाच्या जागी 'एबीसी' टाकलं की "चुकीचं वजन, पुन्हा टाका" ही ओळ स्क्रीनभर पळत सुटते. व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत तेच पुन्हा करणारा) लावला आहे, अट पण बरोबर आहे. लवकर सांगा.

पलासिया_चौक: भाषा कोणती? कंपायलर (कोड चालण्याजोगा करणारं सॉफ्टवेअर) कोणता? वजन घेतोस ती ओळ दाखवल्याशिवाय कोण काय सांगणार?

राजवाडा_पायरी: सी, अजून काय. स्कॅनएफमध्ये (टंकलेलं वाचणारं फंक्शन) %डी (म्हणजे पूर्णांक) देऊन वजन घेतो, वजन सुरुवातीला ० आहे. ० किंवा कमी असेल तर पुन्हा विचारतो. भाव %एफने (दशांश आकडा).

जुनी_इंदूर: स्कॅनएफच्या आधी एफफ्लश (साठलेला मजकूर मोकळा करणारं फंक्शन) लिहून कंसात एसटीडीइन (कीबोर्डवरून येणारा मजकूर) टाक. एका ओळीत काम होतं. प्रॅक्टिकलला सगळे हेच लिहितात.

पलासिया_चौक: लिहीत असतील, पण शिकवू नका. सीच्या मानकात एफफ्लश फक्त बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी आहे, आत येणाऱ्यासाठी वापरलं तर काय होईल याची हमी नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत पूर्वी चालायचं, २०१५च्या आवृत्तीपासून तिथेही चालत नाही.

राजवाडा, कारण समजून घे. 'एबीसी' टंकून एंटर दाबलंस की ती तीन अक्षरं आणि एंटर बफरमध्ये (वाचेपर्यंत साठवायची जागा) रांगेत उभी राहतात. %डीला पुढे 'ए' दिसतो. तो अंक नाही, म्हणून स्कॅनएफ त्याला हात न लावता ० परत देतो. वजन ० होतं तसंच राहतं, लूप फिरतो, आणि रांगेच्या तोंडाशी पुन्हा तोच 'ए'. तुला टंकायला वेळच मिळत नाही.

उपाय: स्कॅनएफ किती किमती वाचल्या ते सांगतो. ते उत्तर १ आहे का ते तपास. नसेल तर एंटर येईपर्यंत गेटचारने एकेक अक्षर काढून टाक. गेटचारचं उत्तर इंट (पूर्णांकाच्या) चलात ठेव, 'चार' (अक्षराच्या) चलात नको. ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) आलं तर लूप सोडून बाहेर पड, नाहीतर कंट्रोल-झेड दाबल्यावर पुन्हा तेच होईल.

कोड_कट्टा_वडोदरा: पायथन भाषा घ्या ना. इनपुटवर इंट लावायचं, व्हॅल्यूएरर (आकडा नसल्याची चूक) आला की पुन्हा विचारायचं. फक्त आयसडिजिट (सगळे अंकच आहेत का हे तपासणारं) वापरू नका: '-५' आणि '१२.५' दोन्ही नाकारतं, आणि वर्गाच्या चिन्हातला छोटा २ स्वीकारतं, जो पुढे इंटला चालत नाही. देवनागरी अंक मात्र इंट नीट वाचतो.

पलासिया_चौक: त्याचा पेपर सीचा आहे.

राजवाडा_पायरी: एबीसीचं जमलं! पण आता वजन १२.५ टाकलं की भाव विचारून थांबतच नाही, थेट ६ रुपये रक्कम छापतो.

स्नेहलतागंज: हेच व्हायचं होतं, भिया. %डीने १२ उचलले आणि '.५' मागे ठेवलं. पुढच्या %एफने तेच भाव म्हणून घेतलं. बारा क्विंटल गुणिले पन्नास पैसे, सहा रुपये. उत्तर १ आलं म्हणजे ओळ शुद्ध आहे असं नाही. '१२एबीसी'लाही १ येतो.

म्हणून स्कॅनएफ सोड. ६४ अक्षरांच्या ॲरेत (अक्षरांच्या रांगेत) एफगेट्सने अख्खी ओळ घे. ओळीत एंटर सापडला नाही तर ती लांब आहे, उरलेली काढून टाकून पुन्हा विचार. मग स्ट्रटोडी (ओळीतून आकडा काढणारं फंक्शन) लाव. तो आकडा कुठे संपला ते दुसऱ्या पॉइंटरमध्ये (जागा दाखवणारं चल) देतो. तो पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर आकडाच नव्हता. पुढे मोकळ्या जागा आणि एंटर सोडून काही उरलं असेल तर ओळ नाकार. ॲटॉफ (आकडा काढणारं दुसरं फंक्शन) अजिबात नको, त्याला '०' आणि 'एबीसी' सारखेच.

जुनी_इंदूर: मी तर वजन किलोत घेईन, पूर्णांकात. १२५० किलो, भाव क्विंटलला ४६५०, गुणाकाराला १०० ने भाग, ५८१२५. दशांशाची भानगडच नाही.

पलासिया_चौक: चांगलं आहे, पण निळ्या पडद्याचा टर्बो (जुना सी कंपायलर) असेल तर तिथे इंट ३२७६७ पर्यंतच. तो गुणाकार अठ्ठावन्न लाखांवर जातो. लाँग (मोठा पूर्णांक) घ्यावं लागेल.

राजवाडा_पायरी: टर्बोच आहे. स्ट्रटोडी चालला, १२.५ घेतो. पण भाव '४,६५०' टाकला तर नाकारतो. सर असंच टाकून बघतात.

स्नेहलतागंज: स्वल्पविरामापाशी तो थांबतो, म्हणून नाकारतो, आणि ते योग्यच आहे. शेपूट तपासली नसतीस तर भाव ४ रुपये धरला असता. स्ट्रटोडीच्या आधी ओळीतले स्वल्पविराम वगळून बाकीची अक्षरं पुढे सरकव.

अटही बदल. घरी नवा कंपायलर वापरलास तर स्ट्रटोडी 'नॅन' (आकडा नाही) आणि 'इन्फ' (अनंत) सुद्धा आकडा म्हणून घेतो. नॅन '० किंवा कमी' या अटीत सापडत नाही, सरळ आत जातो. उलट लिही: वजन ०पेक्षा जास्त आणि ५००पर्यंत असेल तरच स्वीकार. दोन्ही बाहेर राहतात.

राजवाडा_पायरी: झालं. रक्कम ५८१२५.०००००० अशी छापते, हे कसं घालवू?

पलासिया_चौक: प्रिंटएफमध्ये %.२एफ (दशांशानंतर दोनच अंक).