आठवणींचे लेखन आणि लेखनवर्ग यांवर घर चालेल का?

प्रश्न (चोपडा):
मी शाळेत मराठी शिकवते. केळीच्या बागेत राबलेल्या आजीच्या आठवणी लिहून झाल्या आहेत. नोकरी सोडून आत्मकथनपर लेखन आणि लेखनवर्ग यांवर अवलंबून राहावे का?

उत्तर (अमळनेर):
ताई, नोकरी इतक्यात सोडू नका. साने गुरुजी येथे शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत, आणि ‘श्यामची आई’ त्यांनी पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. शिकवण्यातून लेखन असे वाढते. पुस्तकाच्या मानधनावर मात्र घर चालत नाही, वर्गांचे शुल्क तरी दरमहा येते.

उत्तर (धुळे):
रविवारी वाचनालयात निवृत्त मंडळींसाठी वर्ग सुरू करा. त्यांना अहिराणीत सांगू द्या आणि संवाद तसेच ठेवा, कारण प्रमाण मराठीत आणताना आठवणीतला माणूसच हरवतो. हयात नातेवाइकांविषयी छापण्यापूर्वी त्यांची संमती अवश्य घ्या.