फुगणारा रंग आणि एक लॅटिन क्रियापद

जोशीकाका, ए-२०३: पार्किंगच्या लोखंडी खांबांना ‘इंट्युमेसंट’ रंग देणार असल्याची सूचना वाचली. अख्खी सूचना मराठीत आणि नेमका खर्चाचा शब्द तेवढा इंग्रजीत, हा योगायोग नसावा. कृपया मराठी शब्द द्यावा.

सचिव: काका, फायर ऑडिटच्या अहवालात तोच शब्द आहे. उष्णतेने फुगणारा रंग, असा त्याचा अर्थ.

मनोज, सी-१०१: गच्चीचा रंग तर गेल्या पावसाळ्यात न तापताच फुगला. तोही हाच होता का?

सचिव: तो विषय वार्षिक सभेत संपलेला आहे.

मनोज, सी-१०१: पण ‘इन’ म्हणजे नकार ना? मग हा न फुगणारा रंग झाला!

सानेबाई, बी-४०२: इथला ‘इन’ नकाराचा नाही, क्रियेला जोर देणारा आहे. लॅटिनमध्ये ‘तुमेरे’ म्हणजे सुजलेले असणे आणि ‘तुमेस्केरे’ म्हणजे सुजू लागणे. ‘एस्केरे’ हे शेपूट क्रियेला नुकती सुरुवात झाल्याचे सांगते, म्हणूनच वयात येऊ लागलेला तो ‘अ‍ॅडोलेसंट’ आणि दुखण्यातून उठू लागलेला तो ‘कॉन्व्हॅलेसंट’. ‘इंट्युमेस’ हे इंग्रजी क्रियापद त्याच घराण्यातले.

डॉक्टर, ए-५०१: ‘ट्यूमर’ही त्यातलाच. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे सांगितली, लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्यांतली सूज म्हणजे ‘तुमोर’. तेव्हा त्या शब्दाला आजची धास्ती चिकटलेली नव्हती.

जोशीकाका, ए-२०३: माहिती उद्बोधक आहे. मराठी शब्द अद्याप मिळालेला नाही.

गोखलेकाकू, बी-१०४: पुरी टम्म फुगते, त्यातला ‘टम्म’ हाच का हो?

सानेबाई, बी-४०२: काकू, टम्म हा नादावरून आलेला शब्द, आवाज जुळला म्हणून नाते जुळत नाही. खरा दूरचा भाऊबंद म्हणजे ऋग्वेदातला ‘तुम्र’, अर्थात धष्टपुष्ट. इंग्रजीत अंगठ्याला ‘थम’ म्हणतात, तोही मुळात जाडजूड बोट म्हणूनच.

कर्वे, सी-३०२: ‘इंट्युमेस’ हा आम्हा भूशास्त्रवाल्यांचा जुना शब्द आहे. स्वीडनच्या क्रोनस्टेडने १७५६ मध्ये एक खनिज फुंकनळीच्या ज्वाळेत धरले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसून फुगले, म्हणून त्याने ग्रीकमधून ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, असे नाव दिले. त्याच कुळातले स्टिलबाइट आपल्या पुण्या-नाशिकच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत भरपूर सापडते. आमच्या शोकेसमध्ये आहे, या बघायला.

मनोज, सी-१०१: दगड फुकट असेल तर तोच खांबांना लावू.

सचिव: विनोद पुरे. साधारण ५५० अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते. हा रंग त्याच्या कितीतरी आधी, दोन-अडीचशे अंशांपासून, फुगू लागतो. त्यातल्या मेलामाइन या रसायनातून वायू सुटतात आणि मिलिमीटरभर थराचा काळा, भुसभुशीत, जाड फेस होऊन खांबापर्यंत धग लवकर पोहोचू देत नाही.

जोशीकाका, ए-२०३: तिसऱ्यांदा विनंती करतो, मराठी शब्द?

सानेबाई, बी-४०२: ‘तापफुगी रंग’ लिहा. काका, ‘तुमेरे’चा अर्थ रागाने फुगणे असाही होतो बरं का.

जोशीकाका, ए-२०३: मी फुगलेलो नाही. शब्द मान्य आहे. आता त्याच शब्दात तिन्ही दरपत्रके फलकावर लावावीत.