पहिला नंबर कामावर कुठं जातो?

पार्कचौक_जुना:
दहावीचा निकाल लागला की सोलापुरात सात रस्ता चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स चढतात. काल ते बघून जुना वर्ग आठवला, मार्कांप्रमाणे बाकं. ही नंबराची सवय कामावर कुठं चालते, कुठं नडते? आपापल्या धंद्यातलं लिहा. रडगाणी नकोत, कामाचं सांगा.

माग_चालू:
टॉवेलच्या मागावर एकट्याचा नंबर येतच नाही ओ. टेरीला, म्हणजे फासे असलेल्या टॉवेलच्या कापडाला, उभ्या धाग्यांचे दोन रूळ, म्हणजे बीम: एक ग्राउंडचा (पायाच्या कापडाचा), एक पाइलचा (वरच्या फाशांचा). वहिफणीत, म्हणजे उभे धागे बीमवर गुंडाळताना, ताण कमीजास्त बसला किंवा आडव्या धाग्याची कांडी सैल भरली, की विणकर कितीही तरबेज असो, घोटाळा होणारच. मजुरी नगावर, म्हणून नवा पोरगा माग थांबवायला कचरतो. ताण्याचा, म्हणजे उभा, तुटलेला धागा तसाच सोडला की पुढच्या सगळ्या टॉवेलांत उभी रेघ, माल सेकंडमध्ये, म्हणजे कमी प्रतीत. थांबवून, फणीतून धागा ओवून, गाठ मारणाराच हप्त्याच्या हिशोबात पुढं राहतो. आणि जॉबरशी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याशी, भांडू नये.

दोरा_रीळ:
शाळेच्या युनिफॉर्मच्या शिलाई लाइनीत पण हेच, एकीनं एकच भाग शिवायचा. समजा कॉलरला ५० सेकंद, बाहीला ४०, काज-बटणाला ७०. तासाला शर्ट ५१च निघणार, कॉलरवाली कितीही पळू दे. काजाच्या मशीनपुढं ढीग लागतो, बंडलवरची मापाची चिठ्ठी गळून पडते, ३२च्या बॉडीला ३४ची बाही लागते आणि मग अल्टर, म्हणजे उसवून परत शिवा. शहाणा सुपरवायझर कॉलरवालीला शाबासकी देऊन बसवत नाही, बटणाला पाठवतो.

बाळीवेस:
म्हणजे हुशार पोराला मागच्या बाकावर 😂

दोरा_रीळ:
मेच्या शेवटी येऊन बघ बे, कुणाला बाक पण मिळत नाही.

पूर्व_मुख्य_मुलाखत:
शाळेत प्रश्न सोडणं पाप. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, चुकलं की पाव वजा. म्हणजे बरोबरला २, चुकीला अर्धा गुण जातो. चारपैकी दोन पर्याय नक्की उडत असतील तर ठोका, एकही उडत नसेल तर सोडा. बोर्डाच्या टॉपरांना हे सोडणंच जमत नाही.

हिंजवडी_सोलापूर:
आयटीत बेल कर्व्ह. टीममध्ये दहाही जण चांगले असले तरी वरची रेटिंग दोघा-तिघांनाच. मॅनेजर देतो ती कच्ची, पुढच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या टीमशी तुलना होऊन ती खाली येऊ शकते. तिथं त्याला बोलायला आकडे लागतात. दर महिन्याला चार ओळी मेल करा: काय केलं, किती वेळ वाचला, कुणाचं काम अडलं होतं ते सुटलं. मार्चमध्ये वर्षभराचं आठवत बसाल तर जानेवारीच्या मागचं आठवणार नाही. न मागता पेपर तपासून देणारे गुरुजी इथं नाहीत.

बाळीवेस:
उद्या हुतात्मा एक्सप्रेसनं कोण जातंय पुण्याला? शेंगा चटणी पाठवायची होती, अर्धा किलोच.

हिंजवडी_सोलापूर:
मी रविवारी. डबा नको, पिशवीत दे, तेल सुटतं.

आठवीची_आई:
विषय सोडून विचारते. मुलीची चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, त्याचे दहावीला गुण मिळतात का?

कलाशिक्षक_जुळे:
एलिमेंटरीचे नाहीत ताई, इंटरमिजिएटचे. ए ग्रेडला ७, बीला ५, सीला ३. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये ५००पैकी ४९३ असतील तर सातानं १०० टक्के होतात, फ्लेक्सवरचे बरेच शंभर असेच. शाळाच बोर्डाकडे प्रस्ताव पाठवते, तोही परीक्षेआधी. प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या रजिस्टरशी जुळतंय ना, तेवढं आत्ताच बघून ठेवा.