गाडीत दिलेलं पुस्तक
गाडीत दिलेलं पुस्तक परत येत नाही म्हणतात, ते खरंच. तरी मी देतो. झाशीला जाताना गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' हे प्रवासवर्णन उघडून बसलो होतो. समोरच्या काकू म्हणाल्या, "पेणजवळच्या वरसईचे ना हे भटजी? आमचं माहेर पेणचं!" झालं, पुस्तक त्यांच्या मांडीवर. भुसावळ गेल्यावर त्या मोठ्याने वाचायला लागल्या. १८५७ च्या धामधुमीत दक्षिणेच्या आशेने निघालेला भिक्षुक, झाशीचा वेढा, लुटालूट, शेवटी गंगेची कावड. वरच्या बर्थवरचा पोरगा कानातले बोळे काढून खाली वाकून ऐकत होता. काकू भोपाळला उतरल्या, पुस्तकासकट. खूण म्हणून आत माझं परतीचं तिकीट होतं, एवढंच.