तारीख पुढे गेली ते बरंच झालं

मार्व्हलचा 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' हा सिनेमा मे 2026 वरून 18 डिसेंबरला ढकलला म्हणजे प्रेक्षकांना गृहीत धरलंय, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. अहो, घाईनेच तर मार्व्हलचं वाटोळं झालं. 2021 मध्ये जुलै ते डिसेंबर एवढ्यात चार सिनेमे, वर डिस्ने प्लसच्या सिरीज वेगळ्या, आणि ज्याने सिरीज बघितली नाही त्याला पुढच्या सिनेमात कोण कुठून उगवलं तेच कळेना. मार्व्हलची मालक कंपनी डिस्ने, तिचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी स्वतः नंतर कबूल केलं की एवढं काढत बसल्यामुळे लक्ष विभागलं गेलं. 2024 ला हॉलिवूडच्या लेखक-कलाकारांच्या संपामुळे का होईना पण एकच आला, 'डेडपूल अँड वुल्व्हरिन', आणि धो धो चालला की!

2019 च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'ला कॅप्टन अमेरिकाने थोरचा, सहसा कुणाला न उचलता येणारा हातोडा उचलला तेव्हा माझ्या शेजारचे अनोळखी काका ताडकन उभे राहिले, त्यांचं सगळं पॉपकॉर्न माझ्या मांडीवर, आणि आम्ही दोघंही ओरडतोय. 2008 पासून अकरा वर्षं जीव लावला होता म्हणून ते झालं, दर दोन महिन्यांनी नवीन हिरो आणून नाही होत.

सिनेमांचे तासाभराचे रिव्ह्यू नकोसे होतात, या तुमच्या म्हणण्याशी मात्र सहमत. म्हणजे लांबीला माझी हरकत नाही, एखादा जण फाईट सीन थांबवून थांबवून कट कुठे मारलाय ते दाखवत असेल तर मी दीड तास बघेन, पण अर्धा वेळ नुसती स्टोरीच सांगणार असाल तर ती आम्ही तिकीट काढून बघितलीये ना.