अनुभव धागा : "आणखी फोटो पाठवा" – जुन्या संग्राह्य वस्तू ऑनलाइन विकताना

जुनी नाणी, नोटा, टपाल तिकिटं, ग्रामोफोनच्या तबकड्या विकायला ठेवल्या की पहिला निरोप ठरलेला असतो : "आणखी फोटो पाठवा." कुणी सरसकट नकार देतं, कुणी हाताला येतील ते वीस फोटो धाडतं. दोन्हींत चांगलं गिऱ्हाईक निसटतं. म्हणून विकणाऱ्या जाणकारांना विनंती : तुमच्या वस्तूसाठी नेमका कोणता फोटो मागतात, का मागतात, तो कसा काढायचा आणि कुठे थांबायचं ते लिहा. किस्से नकोत, कृती हवी.

चांदीचे रुपये आणि इतर नाणी

मोघम मागणी आली की उलट एकच प्रश्न विचारावा : "नेमकं काय बघायचंय?" जाणकार गिऱ्हाईक लगेच सांगतं. उदाहरणार्थ, व्हिक्टोरियाचा १८६२ सालचा रुपया. हेच साल पुढे १८७४पर्यंत छापत राहिले, आणि मुंबई टांकसाळीच्या नाण्यांचे प्रकार ठिपके मोजून ठरतात. मग ते ठिपक्यांचा जवळचा फोटो मागणारच, कारण किंमत तिथेच ठरते. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयात राजाच्या झग्यावरचा हत्ती मागतात. तो डुकरासारखा दिसतो म्हणून पुढच्या वर्षी बदलला होता. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत सालाखालची खूण स्वच्छ दिसली पाहिजे : हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि कोरी जागा म्हणजे कोलकाता.

कडेचा फोटो मागणारा माणूस गंभीर असतो, त्याला टाळू नका. नाणं दोन खोडरबरांच्या मध्ये उभं करा आणि एक तृतीयांश फिरवत तीन फोटो घ्या. ओतीव नकलेत कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा सापडतात. मोकळ्या जागेत बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात.

वजनाचे फोटो दोन : रिकाम्या काट्यावर शून्य, मग नाण्यासकट. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा; झिजलेला थोडा कमी भरतो. पण वजनावरून चांदीचा कस कळत नाही. १९४० ते १९४५चे षष्ठ जॉर्जचे रुपये निम्म्याच चांदीचे, तरी वजन तेच. कसाबद्दल शंका असेल तर पाण्याचा फोटो द्यावा : पाण्याचा पेला काट्यावर ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. आकडा १.१३ ग्रॅमच्या आसपास आला तर घनता १०.३ निघते, ९१.७ टक्के चांदीच्या जुन्या रुपयाला ती जुळते. नंतर नाणं मऊ कापडाने टिपा, पुसू नका.

उजेडासाठी दोन एलईडी दिवे, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, दोन्हींवर बटर पेपर. फोन २०–२५ सेंटिमीटर वर धरून दुप्पट झूम करा. आपोआप लागणारा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय) बंदच ठेवा. त्यात फोन नाण्यावर टेकतो आणि त्याची सावली पडते. "तिरप्या उजेडात दाखवा" अशी मागणी रास्त आहे : एकच दिवा टेबलालगत ठेवला की घासून साफ केलेल्या नाण्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा उठतात. फोटो चांगला यावा म्हणून चिंच, राख किंवा टूथपेस्ट लावणं म्हणजे नाण्याचा जीव घेणं. काळपटपणा आहे तसा दाखवा, संग्राहकाला तोच हवा असतो.

नोटा

वरच्या तिरप्या उजेडाला दुजोरा. नोटेत तर तोच मुख्य फोटो : घड्या दिसतात, आणि इस्त्री केलेली नोट उघडी पडते, कारण उठावदार छपाई चपटी झालेली असते. दुसरा फोटो खिडकीच्या काचेवर धरून. जलचिन्ह, टाचणीची भोकं, चिकटवलेली चीर एकदम कळतात. जुन्या नोटांची बंडलं स्टेपल करत असल्यामुळे दोन भोकं असणं स्वाभाविक आहे, पण ती न सांगता विकली तर वाद नक्की. क्रमांकालाच किंमत असेल तर तो झाकू नका. तारांकित नोट (खराब छापलेल्या नोटेच्या जागी घातलेली, क्रमांकात तारा असलेली; २००६पासून निघाली) असेल तर तारा आणि आधीची अक्षरं एकाच चौकटीत घ्या.

नोटबंदीत बाद झालेल्या ५०० आणि १०००च्या नोटांचे "सगळ्या गठ्ठ्याचे फोटो" कुणी मागितले तर लक्षात ठेवा : २०१७च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं गुन्हा आहे, अभ्यास वा संग्रहासाठी मर्यादा पंचवीस.

टपाल तिकिटं

फोटो नको, स्कॅन द्या. पूर्ण तिकीट ६०० डीपीआय, तपशील १२००. मागे काळा कागद ठेवला तर एकेक दात मोजता येतो. मागची बाजू न मागताच द्यावी. बिजागरी कागदाचा (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या छोट्या पट्टीचा) डाग, गोंदाची अवस्था, पातळ झालेली जागा तिथेच असते. पातळ जागेसाठी मागून उजेड देऊन वेगळा फोटो.

१९४८च्या गांधी मालिकेतल्या १० रुपयांच्या तिकिटाची नक्कल फार. गिऱ्हाईक स्कॅनमध्ये मिलिमीटरची पट्टी मागतं, ते योग्यच. २० मिलिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रं भरायला हवीत. पावसाळ्यात गोंद असलेलं तिकीट काचेवर थेट ठेवू नका, चिकटतं. पारदर्शक पाकिटात घालून झाकण न दाबता स्कॅन करा.

फोटो मागणारा खरा की खोटा?

दुसऱ्याचे फोटो उचलून तीच वस्तू विकणारे असतात, म्हणून आजची तारीख आणि तुमचं खातेनाव लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून एक फोटो काढाच. चिठ्ठीची कड वस्तूच्या कडेजवळ असू द्या, नाहीतर ती कापून टाकतात. गिऱ्हाईकाने चिठ्ठीवर स्वतःचा एखादा शब्द लिहायला सांगितला तर राग मानू नका, वस्तू हातात असल्याचा तो चांगला पुरावा आहे.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो बारीक होऊन जातो, म्हणून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवतात. पण मूळ फाइलमध्ये घराचं ठिकाणही जाऊ शकतं. कॅमेऱ्याची लोकेशन नोंद आधी बंद करा. दोन फोटो पाहून लगेच "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणाऱ्याला तिथेच रोखा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. जुनी नाणी-नोटा विकत घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क वा कर मागणारेही भामटेच. बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये तसा जाहीर इशारा दिला आहे.

किती फोटो, कधीपर्यंत

दोनशे रुपयांच्या वस्तूला पुढची-मागची बाजू आणि एक दोषाचा फोटो पुरे. कड आणि वजन महाग वस्तूंसाठी. एकाने मागितलेला फोटो लगेच जाहिरातीतच टाका, पुढचे चारजण विचारत नाहीत. उत्तरासोबत मुदत सांगा : "उद्या दिवसाउजेडी काढून संध्याकाळी देतो, तोवर वस्तू राखून ठेवलेली नाही." तिसऱ्या फेरीनंतर सरळ विचारावं, "या फोटोने निर्णय होणार आहे का?" परदेशातून फोटो मागणाऱ्याला मात्र आधीच सांगा : शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं भारताबाहेर पाठवता येत नाही, १९७२चा पुरावस्तू कायदा आड येतो.

तबकड्या

७८ आरपीएमची नाट्यगीतं विकणाऱ्यांसाठी. लेबलचा फोटो सगळेच देतात, मागणी येते ती लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेल्या क्रमांकाची. तबकडी किंचित कलती धरा आणि एकच दिवा बाजूने सोडा, अक्षरं उठतात. केसासारखी चीर साध्या फोटोत येत नाही. काळ्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाडून तबकडी हळू फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या : चिरेपाशी प्रतिबिंबाची रेघ तुटते. वाजवूनही दाखवा, पण नुसता सुरुवातीचा भाग नको. झीज असेल तर ती शेवटाकडे ऐकू येते, म्हणून शेवटची वीस सेकंदंही जोडा.