बंधाऱ्यावरचा प्रवाह आणि संगणकीय प्रारूपे : 'दोन-तीन टक्के चूक' हा दावा आपल्या नद्यांना लागू पडतो का?

मोजपट्टी (चिकोडी)

कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून आणि तिला मिळणाऱ्या दूधगंगेतून मिळून कल्लोळकडे किती क्युसेक पाणी येत आहे, हा आकडा पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज छापून येतो आणि जनावरे कधी हलवायची हे काठावरची माणसे त्याच्याच आधारे ठरवतात. म्हणून बंधाऱ्यावरील प्रवाहाच्या संगणकीय प्रारूपांत चूक दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगितले की मला आधी तो बंधारा कोणता, हे विचारावेसे वाटते. धारदार माथ्याचा बांध असेल, पाणी खाली मोकळे पडत असेल आणि पडणाऱ्या पडद्यामागे हवा खेळती असेल, तर दावा बहुधा खरा ठरतो. ओगी (गोलसर, वळणदार) माथ्याच्या सांडव्यासाठी सॅव्हेज आणि जॉन्सन या संशोधकांनी 2001 मध्ये प्रतिकृती (प्रयोगशाळेतला लहान नमुना) आणि संगणकीय प्रारूप शेजारी ठेवून तपासले, तेव्हाही दोन्हींचे निकाल चांगले जुळले होते.

आपले बंधारे मात्र कोल्हापूर पद्धतीचे आहेत. खांबांमध्ये घालून पाणी अडवायचे बरगे (फळ्या) काढल्यावर पुरात उरतात ते खांब, त्यांना अडकलेली जलपर्णी, उसाची धसकटे आणि फांद्या. शिवाय खालचे पाणी वरच्या पाण्याच्या जवळजवळ बरोबरीला आलेले असते. बांधाचा माथा खालच्या पाण्यात बुडाला की विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) किती घटतो, हे सांगणारे धारदार माथ्यासाठीचे व्हिलेमाँट यांचे 1947 चे सूत्र इथे जसेच्या तसे लागू होत नाही, पण धोक्याचा अंदाज देते. माथ्यावर वरच्या बाजूला 2 मीटर पाणी असताना खालच्या बाजूची पातळी माथ्यापासून 1.90 वरून 1.94 मीटर झाली, म्हणजे अवघी 4 सेंटिमीटर वाढली, तर विसर्ग सुमारे 18 टक्क्यांनी घटतो. लाटा उसळत असताना पट्टीवर 4 सेंटिमीटर कोण छातीवर हात ठेवून वाचेल?

दूधगंगाकाठ (निपाणी)

आपले गणित मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. 4 सेंटिमीटरची चूक पातळी वाचण्यातली आहे. ती सूत्रातही शिरते आणि हाताने केलेल्या हिशेबातही शिरते. मग खापर एकट्या प्रारूपावर का? उलट त्रिमितीय प्रारूपात दोन खांबांमधला वेग आणि माथ्यावरचा दाब दिसतो, तर सूत्र हे सगळे एका गुणांकात (सूत्रात गुणायच्या एका आकड्यात) कोंबून मोकळे होते.

प्रतिकृतीचा आधार घेणाऱ्यांनी तिचीही मर्यादा सांगावी. 1:50 प्रमाणात 1 मीटर पाणी 2 सेंटिमीटर होते आणि एवढ्या पातळ थरात पृष्ठताण प्रवाहावर हुकूम चालवू लागतो, जे नदीत कधीच घडत नाही. संगणकात गणित नदीच्या खऱ्या मापातच करता येते.

मोजपट्टी

खऱ्या मापात करता येते खरे, पण संगणक प्रवाहाचे ज्या लहान घरांच्या जाळीत तुकडे करतो, तिचे घर मोठे धरले तर पाण्याचा पृष्ठभागच पुसट होतो, आणि लहान धरले तर गणिताला आठवडे लागतात. जाळी दोन-तीन वेळा बारीक करून उत्तर स्थिरावते का, हे न तपासताच रंगीत चित्रे मांडली जातात. दुसरी खोड याहून वाईट आहे. ज्या मोजणीवरून प्रारूपातला तळाचा खडबडीतपणा जुळवून घेतला, तिच्याशीच उत्तर ताडून 'अचूक' म्हटले जाते. त्यातून एकूण विसर्ग ही फार क्षमाशील राशी आहे, कारण एका जागची वेगाची चूक दुसऱ्या जागच्या चुकीने भरून निघते. विसर्ग जुळला म्हणून पायथ्याशी किती खोल खड्डा पडेल, हेही बरोबर येईल असे मानता येत नाही.

घटप्रभाकाठ (गोकाक)

दोघेही त्रिमितीय प्रारूपावर भांडत आहात, पण पुराच्या कामात सरसकट चालते ते हेक-रास (HEC-RAS) हे नदीप्रवाहाचे गणित करणारे सॉफ्टवेअर. त्यात बंधारा एकमितीय रचनेत (फक्त नदीच्या लांबीच्या दिशेने) घातला तर बांधावरील विसर्गाचे नेहमीचे सूत्रच वापरले जाते आणि गुणांक आपणच भरायचा असतो. त्याला प्रारूपाची अचूकता म्हणणे म्हणजे आपणच ठेवलेले पैसे मोजून नफा झाला म्हणण्यासारखे आहे.

गाळाचा मुद्दाही कोणी काढला नाही. धारदार बांधाचा विसर्ग-गुणांक देणाऱ्या रेबॉक यांच्या सूत्राने पाहिले, तर माथ्यावर 1 मीटर पाणी असताना वरच्या बाजूची बांधाची उंची गाळाने 3 मीटरवरून 1 मीटरवर आली की गुणांक सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो. घटप्रभेवरचा धुपदाळचा बांध 1897 चा आहे. अशा जुन्या बांधाचे प्रारूप करणाऱ्याने तळाचे सर्वेक्षण आधी करावे, संगणक मागाहून उघडावा.

दूधगंगाकाठ

सर्वेक्षणाला माझा विरोध नाहीच. माझा आग्रह इतकाच की उंच पुलावरून ध्वनिलहरींच्या यंत्राने पुरात वेग मोजावा, त्यावर प्रारूप पारखावे आणि विसर्गाचा एकच आकडा न छापता किमान आणि कमाल अशी मर्यादा द्यावी.

मोजपट्टी

मर्यादा देण्याला माझा पाठिंबा आहे. मोजायचे कुठून, हा प्रश्न उरतो. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ हे बंधारावजा पूल दर पुरात पाण्याखाली जातात. महामार्गाचा पूल म्हणाल, तर जुलै 2021 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावरच आले होते. अशा वेळी पाणी बंधाऱ्याला वळसा घालून उसाच्या शेतांतून वाहते आणि तो वाटा माथ्याच्या कोणत्याही गुणांकात बसत नाही. म्हणून मोठ्या पुरासाठी बंधारा हा केवळ एक अडथळा मानून दोन्ही काठांची शेते आणि रस्त्यांचे भराव यांसह द्विमितीय प्रारूप करावे, आणि माथ्यावरचे बारीक गणित नदी पात्रात असेपर्यंतच वापरावे.